बरणीतला अर्धा तास

माझा मामा रोज सकाळी सात वाजता एक लिटर घाण पाणी काचेच्या बरणीत भरायचा, ती बरणी कठड्यावर ठेवायचा आणि अर्धा तास तिच्यासमोर बसून राहायचा. हे त्याने अकरा वर्षं केलं. ज्यांनी त्याला वेड्यात काढलं, त्यांच्याच घरचं ते पाणी होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी तोंडाळ म्हणायला नको.

टाकी वसाहतीच्या मागच्या अंगाला, घरांच्या शेवटच्या रांगेपलीकडे होती. दीडशे घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी एका पाइपातून तिथे यायचं. तारेचं कुंपण, निम्म्या जमिनीत गाडलेल्या दोन सिमेंटच्या टाक्या, एक पत्र्याची खोली आणि त्या खोलीत दोन ब्लोअर, म्हणजे टाकीच्या तळाशी हवा सोडणारी यंत्रं. बिल्डरने हे सगळं बांधलं, घरं विकली आणि तो पसार झाला. मग ते लोढणं पालिकेच्या गळ्यात पडलं. कागदोपत्री नाव होतं 'तात्पुरते सांडपाणी प्रक्रिया केंद्र'. तात्पुरते, कारण मोठी पाइपलाइन येणार होती. पाइप खरोखरच आले. नऊ वर्षं ते रस्त्याच्या कडेला पडून आहेत आणि त्यातल्या एका पाइपात एका कुत्रीच्या चार पिढ्या जन्मल्या. पालिकेच्या त्या योजनेचा लाभ झालेलं तेवढं एकच कुटुंब माझ्या माहितीत आहे.

मामाचं काम जाळीपासून सुरू व्हायचं. पाइपाच्या तोंडाशी उभे गज होते. त्यांना अडकलेलं सगळं तो लांब दांड्याच्या पंज्याने ओढून काढायचा. केस, चिंध्या, पिशव्या, खेळण्यांची चाकं, एकदा तर कुणाची तरी अख्खी कवळी. ती त्याने धुतली, उकळली आणि वसाहतीच्या सूचनाफलकाखाली रुमालावर मांडून ठेवली. तीन दिवस कुणी हक्क सांगितला नाही आणि चौथ्या दिवशी कवळी रुमालासकट नाहीशी झाली.

"कुणाची होती कळलं का रे?" मी विचारलं.

"कळलं की. पण तो माझ्याशी बोलत नाही, म्हणून मीही बोललो नाही."

वसाहतीत त्याच्याशी फारसं कुणीच बोलत नसे. पोरं नाक धरून 'टाकीमास्तर, टाकीमास्तर' करत पळायची आणि त्यांचे आईबाप त्यांना दटावताना स्वतःही हसायचे. मामाला मात्र सगळ्यांच्या घरचं ठाऊक. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणी केस काळे केले, कुणाच्या घरी औषधं वाढली, हे सगळं त्याला पाण्यावरून कळायचं. पण त्याच्या पोटातून काही बाहेर पडत नसे. चहाड्या करणं त्याला जमलं नाही आणि खोटं बोलणं तर त्याहून नाही. मामी म्हणायची, "या माणसाला साधं 'घरात नाहीत' म्हणून सांगायला लावलं, तर दारात उभा राहून म्हणतो, मी घरात नाही असं सांगायला सांगितलंय."

पहिल्या टाकीतलं पाणी तपकिरी, दाट आणि सतत खदखदणारं. बघणाऱ्याला तो चिखल वाटायचा. तो चिखल नव्हता, ती सगळी जिवंत वस्ती होती. डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गाळात राहायचे, वसाहतीची घाण खायचे आणि वाढायचे. त्यांना श्वास घ्यायला हवा लागते, म्हणून ते ब्लोअर. मामा त्यांना 'मंडळी' म्हणायचा. "आज मंडळी सुस्त आहेत, कुणीतरी मोरीत अ‍ॅसिड ओतलंय." "आज मंडळींना भूक नाही, निम्मी वसाहत गावाला गेलीय." खाऊन झालं की मंडळी दुसऱ्या टाकीत जाऊन तळाशी निवांत बसायची आणि वरचं नितळ पाणी कडेवरून ओढ्यात पडायचं. तळाला बसलेल्यांना मामा पुन्हा पहिल्या टाकीत आणून सोडायचा. सगळी विद्या एवढीच. ती कळायला मला एक दुपार लागली. पालिकेला अकरा वर्षं पुरली नाहीत.

मंडळींची तब्येत बघायला ती बरणी. तिच्यावर मामीच्या लाल नेलपॉलिशने ओढलेल्या दहा रेघा होत्या. अर्ध्या तासात गाळ तिसऱ्या रेघेपर्यंत खाली बसला आणि वरच्या पाण्यातून वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला, की मामा उठायचा आणि वहीत लिहायचा. तारीख, रेघ, वास. वासाच्या रकान्यात बहुतेक दिवशी 'ओल्या मातीचा' असंच असायचं. ज्या दिवशी बिघडलं, त्या दिवशी 'बिघडला' असं लिहिलेलं असायचं. कुणी तपासायला येत नसताना माणूस स्वतःविरुद्ध लिहितो, हे मी फक्त त्या वह्यांत पाहिलं. अशा अकरा वह्या होत्या.

हे काम त्याने का धरलं, तेही सांगते. मामा गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली तेव्हा एका मोठ्या दुकानात पहारेकऱ्याची नोकरी चालून आली होती, खुर्ची आणि गणवेशासकट. मामीने होकार कळवूनही टाकला होता. पण टाकीचा ओढा पुढे वीस मिनिटांच्या चालीवर आमच्या दारावरून जातो. घरात मी आणि आई. माझ्या लहानपणी टाकी नुसती नावाला होती आणि ओढ्याला असा दर्प सुटायचा की जेवताना घास खाली उतरत नसे. आईने ओढ्याकडची खिडकी खिळे ठोकून कायमची बंद केली होती. मामा म्हणाला, "बहिणीच्या दारावरून लोकांची घाण वाहतेय आणि मी दुसऱ्याच्या दुकानाला सलाम ठोकत उभा राहू?" मामी आठवडाभर बोलली नाही. नंतर बोलली ती एवढंच, की अंगणात आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.

वर्षभरात ओढ्यात बेडूक आले. दुसऱ्या वर्षी मामाने स्वतः पकड आणून आमच्या खिडकीचे खिळे उपसले. आईने ते सरळ करून एका डब्यात ठेवले. ती काही टाकत नाही. तेव्हापासून तिची खुर्ची त्या खिडकीशी आहे. गुडघ्यांमुळे तिला फारसं बाहेर पडता येत नाही. तिचं सगळं जग म्हणजे तो ओढा आणि पलीकडची बाभळ.

तीन वर्षांपूर्वी दोनपैकी एक ब्लोअर जळाला. उरलेला एकटा राबू लागला आणि तापू लागला. एका यंत्राच्या जिवावर मंडळी कशीबशी तगली होती. तेही बंद पडलं असतं, तर दीड दिवसात सगळी गुदमरून मेली असती आणि वसाहतीची घाण जशीच्या तशी आईच्या दाराशी आली असती. मामा दर चार तासांनी यंत्राला विश्रांती द्यायचा आणि त्याच्यावर ओलं पोतं टाकून जवळ बसायचा. मामी म्हणायची, "मला ताप आला तेव्हा कधी कपाळाला हात लावला नाहीत. त्या मशीनचे लाड बघा!"

अर्ज लिहायला मी होते. मी शाळेत लेखनिक आहे, अक्षर चांगलं आहे, आणि सरकारी भाषा तर माझ्या झोपेतही चालू असते. मामा सांगायचा आणि मी लिहायची. 'दोनपैकी एक ब्लोअर जळाला आहे. दुसरा केव्हाही बंद पडेल. नवीन ब्लोअर द्यावा.' तो एवढंच सांगायचा. मी दोन 'विनंती' आणि एक 'कृपया' घालायची, तर तेही त्याला जड व्हायचं.

असे आठ अर्ज दिले. पहिला अर्ज मलनिस्सारण विभागाने विद्युत विभागाकडे पाठवला, कारण ब्लोअर विजेवर चालतो. विद्युत विभागाने तो परत पाठवला, कारण ब्लोअर मलात हवा सोडतो. तिसऱ्या अर्जाच्या वेळी कळलं की केंद्र पालिकेच्या ताब्यात आल्याचा कागदच सापडत नाही. "म्हणजे काका, तुमचं केंद्र आमच्या यादीत नाहीच," खिडकीवरचा कारकून म्हणाला. मामाने त्याला स्वतःचं ओळखपत्र दाखवलं. कारकुनाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही आहात. केंद्र नाही." पाचव्या अर्जाला साहेब बैठकीत, सहाव्याला साहेबांची बदली, सातव्याला नवे साहेब समजून घेताहेत. आठव्याला तोच कारकून म्हणाला, "पहिले सात आहेत ना फायलीत? मग आठवा कशाला आणलात?" सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ज्याने ही म्हण पाडली, तो नशीबवानच म्हणायचा.

मामा चिडत नसे. तो टाकीवर परत येऊन पोतं भिजवायचा. चिडायची मी, आणि तिथेच माती खाल्ली.

पालिकेच्या आवारात नवी तक्रारपेटी लागली होती. वर ठळक पाटी, 'आरोग्यविषयक तक्रारी सात दिवसांत निकाली'. ती वाचून मी मनात म्हटलं, आता बघतेच तुमच्याकडे. ब्लोअर हा शब्द यांना हलवत नाही ना? मग यांना हलवणारे शब्द मला पाठ आहेत. मामाने नववा अर्ज सांगितला, नेहमीचाच, तीन वाक्यांचा. मी हो म्हटलं आणि शाळेतल्या टेबलावर बसून दुसराच लिहिला. 'सदर टाकीत वर्षानुवर्षांचा गाळ साचला असून परिसरात भयंकर दुर्गंधी पसरली आहे. टाकीची कधीही स्वच्छता झालेली नाही. लहान मुले व वृद्ध यांच्या आरोग्यास गंभीर धोका आहे.' खाली सही, 'समस्त रहिवासी'. मला वाटलं, धावत येतील, बघतील, मामा त्यांना जळालेला ब्लोअर दाखवेल आणि नवीन मिळेल. लिहून झाल्यावर मी तो अर्ज दोनदा वाचला. झकास उतरला होता. मी स्वतःवर खूश होऊन तो पेटीत टाकला, हेही लपवत नाही.

पाचव्या दिवशी मामाला पत्र आलं. उद्या सर्व नोंदवह्या घेऊन पडताळणीसाठी कार्यालयात हजर राहावे. मामाचा चेहरा असा उजळला की मला माझ्या हुशारीचं आणखीच कौतुक वाटलं. "वह्या मागवल्यात पोरी. कुणीतरी वाचणार." त्याने मामीकडून शर्टाला इस्त्री करून घेतली, अकरा वह्या पिशवीत क्रमाने लावल्या आणि सकाळी बरणीचा अर्धा तास उरकून तो गेला. तिसरी रेघ. ओल्या मातीचा.

अकराच्या सुमारास शाळेत मामीचा फोन आला. "लवकर ये गं. टँकर आलेत. टाकी उपसताहेत."

मी पोहोचले तेव्हा दोन टँकर उभे होते. जाड नळ्या टाकीत सोडलेल्या होत्या आणि ओढ्याकडच्या झडपेचं चाक फिरवून वसाहतीचं पाणी सरळ ओढ्यात वळवलं होतं. दुसरी टाकी उपसून झाली होती आणि पहिली निम्मी रिकामी झाली होती. उघड्या पडलेल्या भिंती दोघे जण फवाऱ्याने धूत होते. कडेला ब्लीचिंग पावडरच्या गोण्या. शेवटच्या रांगेतले लोक गच्चीत उभं राहून बघत होते आणि एक जण चक्क टाळ्या वाजवत होता.

"ताई, लांब व्हा, अंगावर उडेल," मुकादम म्हणाला. माणूस भला होता. मला त्याच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"वरून आलंय. आरोग्याची तक्रार आहे. सात दिवसांत निकाली काढायची, आज सहावा." त्याने खिशातून घडी केलेली प्रत काढली. माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं.

"थांबवा आधी! हा गाळ नाही. हा जिवंत आहे. हा गेला तर टाकी मेली. ब्लोअर जळालाय, तो हवाय आम्हाला."

"ब्लोअरचं यात काही नाही बघा. 'गाळ साचला' असं आहे. मग गाळ काढायचा." तो हसला. "आणि गाळ कसला जिवंत असतो, ताई?"

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपण म्हणतो. इथे म्हशीचा रोग लिहायच्या जागी पखालीचं नाव मीच घातलं होतं.

"अहो, खरंच थांबवा. हात जोडते."

त्याने नळीवाल्याला हात केला. पंप थांबला. मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या हातात एवढंच आहे, ताई. तक्रार करणाऱ्याने या कागदामागे लिहून दिलं, की तक्रार मागे घेतो, तर मी आत्ता गाडी वळवतो. मलाही ऊन लागतंय. कोण आहे? तुम्ही का?"

निम्मी टाकी अजून भरलेली होती. निम्म्या मंडळींवर मामाने आठ दिवसांत पुन्हा घर उभं केलं असतं. मुकादमाने पेन पुढे केलं होतं. माझ्या शेजारी मामी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. माझ्या नोकरीचा विचार त्या क्षणी मनात आला नाही, तो नंतर आला. तेव्हा फक्त लाज वाटली. मामीला कळेल, गच्चीतल्यांना कळेल, संध्याकाळी मामाला कळेल, की हे या शहाणीने केलं.

"नाही," मी म्हणाले.

मुकादमाने पेन खिशाला लावलं आणि पंप पुन्हा सुरू झाला.

मामा पाच वाजता परतला. दिवसभर त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं. वह्या कुणी उघडल्या नव्हत्या, 'पडताळणी केली' असा शिक्का तेवढा पिशवीवरच्या चिठ्ठीवर मारून दिला होता. तो कुंपणाशी उभा राहिला. टाकी आतून पांढरीशुभ्र होती आणि तळाला वसाहतीचं ताजं पाणी साचू लागलं होतं. ब्लीचिंगचा वास डोळ्यांत जात होता. त्याने खोलीतून बरणी आणली, भरली आणि कठड्यावर ठेवून तिच्यासमोर बसला. मी आणि मामी उभ्या. अर्ध्या तासाने बरणी वरपासून खालपर्यंत सारखीच करडी होती. बसायला आत कुणी नव्हतंच.

"कुणी केली असेल तक्रार?" मामी म्हणाली. "दात घशात घालीन मेल्याच्या."

मी बरणी धुवायला घेतली.

मंडळी नव्याने वसवायची, तर दुसऱ्या चालत्या टाकीतलं विरजण लागतं. जवळात जवळ अशी टाकी एका इस्पितळात होती, बसने तीन तासांवर. मामा दोन कॅन घेऊन गेला आणि ते भरून परत निघाला. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "कॅनमध्ये काय आहे?" दुसरा कुणी औषध म्हणाला असता, तेल म्हणाला असता. मामाने खरं सांगितलं, वर मंडळींची माहितीही दिली. त्याला भर रस्त्यात उतरवलं. दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन तो साठीचा माणूस चालत, मग एका विटांच्या गाडीवर बसून घरी पोहोचला. कॅनची झाकणं उघडून त्याने आधी वास घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "आहेत. जिवंत आहेत. तीन आठवडे द्या फक्त."

तीन आठवडे कोण देतो? टाकी 'स्वच्छ' झाल्याची नोंद झाली, म्हणून नियमाप्रमाणे नवव्या दिवशी पाण्याचा नमुना घ्यायला माणूस आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आला. मामाने त्याला खूप समजावलं. त्याने बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली आणि तो गेला. नमुना नापास झाला. मामाला सुनावणीचं बोलावणं आलं, आणि नेहमीप्रमाणे कागदपत्रं धरायला मी सोबत गेले.

साहेब वयाने माझ्याएवढेच. समोर फाईल. "काका, तुम्ही अकरा वर्षं लिहिताय की पाणी नितळ आहे. आमच्या नमुन्यात घाण निघाली. मग काय खोटं, तुमच्या वह्या की प्रयोगशाळा?"

"दोन्ही खरं आहे साहेब. टाकी धुतल्यामुळे झालं ते."

"म्हणजे धुतल्यामुळे घाण झाली?" साहेबांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून हसला. मामाने मंडळींचं सांगायला सुरुवात केली. गाळ, हवा, रेघा. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की कुणी ऐकत नाही, तरी त्याने वाक्य पुरं केलं.

"बरं," साहेब म्हणाले, "तुमच्या वह्या खऱ्या धरू. मग ही तक्रार खोटी ठरते. 'वर्षानुवर्षांचा गाळ, भयंकर दुर्गंधी.' आरोग्याची खोटी तक्रार केली तर पोलिसात देतो आम्ही. वसाहतीत कुणी तुमच्या वाईटावर असेल. ओळखता का हे अक्षर? नाव सांगा, बाकी मी बघतो. केंद्रही चालू राहील." त्यांनी फाईल मामाकडे फिरवली.

मामाने चष्मा लावला आणि वरचा कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग त्याचा कोपरा उचलून खालचा पाहिला. खाली आठवा अर्ज होता. त्याखाली सातवा. साहेबांच्या फायलीत सगळे नऊ अर्ज एकाखाली एक टाचलेले होते, नऊच्या नऊ एकाच हातचे. कार्यालयात कुणीही ते एकदा सलग चाळले असते, तर चोर तिथेच सापडला असता. पण त्यासाठी वाचावे लागले असते.

मी मागे वह्यांची पिशवी धरून उभी होते. मी बोलले असते का? बोलले असते असं मला वाटतं, आणि आता ते आयुष्यभर नुसतं वाटतच राहील. कारण मामाने मागे न बघता हात मागे नेला आणि माझं मनगट धरलं. फिटरचा हात आहे तो. त्याने तो सोडला नाही.

"ओळखता का?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाही साहेब," मामा म्हणाला.

"मग तक्रार खरी समजू?"

"असेल साहेब. इतकं चांगलं लिहिणारा माणूस खोटं कशाला लिहील?"

भर बसमध्ये ज्याला खोटं बोलता आलं नाही, तो माझ्यासाठी दोन वाक्यं खोटं बोलला आणि अकरा वह्या खोट्या ठरवून उठला. आदेश तिथल्या तिथे टंकून मिळाला. नोंदी बनावट, कर्मचाऱ्याला कामावरून कमी करण्यात येत आहे, केंद्र पाइपलाइन येईपर्यंत बंद. मामाने किल्ली टेबलावर ठेवली. ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, आत नवीन विरजण आहे. ब्लोअर तेवढा चालू राहू द्या." साहेब पुढची फाईल बघत होते.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. मी रडत होते. रडण्याचा मला काय अधिकार होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

"मी सांगितलं होतं, तसंच लिहायचं होतंस गं," तो म्हणाला. मग पिशवी माझ्या हातातून घेतली. "मामीला बोलू नकोस. आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही."

ब्लोअर त्याच दुपारी बंद केला. ओढ्याकडचं चाक पुन्हा फिरवलं ते आजतागायत तसंच आहे. मामा आता कुठेच जात नाही. सकाळी सातला उठतो आणि अर्धा तास अंगणात नुसता बसतो. आत जायला आंघोळीची अट उरलेली नाही, म्हणून मामीच आत जाऊन रडते.

आमच्याकडे वास यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले, तेव्हा आई खिडकीशी नाकाला पदर लावून बसली होती.

"तुझ्या मामाला बरं नाही का गं?" तिने विचारलं. "कामावर गेलेला दिसत नाही. अकरा वर्षांत असं कधी झालं नाही. जाऊन बघून ये बाई एकदा."

"हो," मी म्हटलं, "जरा बरं नाहीये त्याला."

आणि मी फळीवरून खिळ्यांचा डबा काढला.